उन्हाळ्यातली रंगीत टोमॅटो कोशिंबीर

टोमॅटोमध्ये वजनाच्या सुमारे ९४ ते ९५ टक्के पाणी असते आणि कोशिंबीर जमते की फसते, हे बहुतांशी त्या पाण्याचे आपण काय करतो यावर ठरते. सकाळी सगळे चिरून, मीठ-साखर घालून ठेवलेली कोशिंबीर दुपारी पानात येईपर्यंत पाण्यात तरंगू लागते, दाण्याचे कूट भिजून त्याचा लगदा होतो आणि चिरताना वेगवेगळे दिसणारे लाल, हिरवे, पांढरे रंग एकाच फिकट गुलाबी छटेत विरून जातात. म्हणून पुढील कृतीत काय घालायचे यापेक्षा कोणत्या क्रमाने आणि कधी घालायचे, याला अधिक महत्त्व दिले आहे.

चार माणसांसाठी अर्धा किलो टोमॅटो घ्यावेत. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश पूर्ण पिकलेले आणि उरलेले अर्धवट पिकलेले, बोटाला घट्ट लागणारे असावेत, कारण पिकलेल्या फळातून चव आणि रस मिळतो, तर घट्ट फळामुळे दाताखाली काहीतरी लागते आणि नारिंगी रंगाची आणखी एक छटा मिळते. यांच्या जोडीला एक मध्यम काकडी, एक लहान पांढरा कांदा, दोन मोठे चमचे बारीक चिरलेली कैरी, एक किंवा दोन हिरव्या मिरच्या, तीन मोठे चमचे दाण्याचे भरड कूट, दोन मोठे चमचे ओले खोबरे आणि मूठभर कोथिंबीर लागते. पिवळे चेरी टोमॅटो किंवा पिवळी ढोबळी मिरची आता शहरांतल्या मंडईत सहज मिळते. ती मिळाली तर थोडी घ्यावी, पण तिच्यासाठी मुद्दाम गावभर फिरण्याची गरज नाही. फोडणीसाठी दोन लहान चमचे तेल, मोहरी, जिरे, हिंग आणि कढीपत्ता पुरेसा आहे.

महाराष्ट्रात उन्हाळ्यातला टोमॅटो मोठ्या प्रमाणावर जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावच्या बाजारातून येतो. पावसाळ्यानंतर नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतचा हंगाम सुरू होतो. दूरच्या वाहतुकीत टिकावा म्हणून या संकरित टोमॅटोची साल जाड आणि गर घट्ट ठेवलेला असतो, त्यामुळे चवीच्या बाबतीत अनेकजण त्याला नाके मुरडतात. कोशिंबिरीपुरते मात्र मला हे फळ सोयीचे वाटते, कारण त्याच्या फोडी आकार सोडत नाहीत. चपटा, कडेला पन्हळी असलेला गावरान टोमॅटो आंबट आणि रसाळ असतो. तो मिळाल्यास दोन-तीन फळे जरूर घालावीत, मात्र सगळी कोशिंबीर त्याचीच करायची असेल तर रस अधिक निथळावा लागेल.

उन्हाळ्यात टोमॅटो निवडताना केवळ लाल रंगावर भिस्त ठेवू नये. टोमॅटोला लाल करणारे लायकोपीन हे द्रव्य तापमान ३० अंशांच्या वर गेले की नीट तयार होत नाही, पण पिवळ्या-नारिंगी छटेचे कॅरोटीन तयार होत राहते; म्हणूनच एप्रिल-मेच्या कडक उन्हात पिकलेल्या अनेक टोमॅटोंचे देठाकडचे खांदे पिवळट राहतात. असे फळ कच्चेच असते असे नाही. ते हातात घेऊन पाहावे: आकाराच्या मानाने जड लागले आणि देठाजवळ टोमॅटोचा ओळखीचा वास आला, तर ते निश्चिंतपणे घ्यावे. त्या पिवळट खांद्यांचा गर कधीकधी कडक आणि पांढरट निघतो; तेवढा भाग कापून टाकावा आणि उरलेले फळ वापरावे.

घरी आणल्यावर टोमॅटो एकावर एक न रचता परातीत एका थरात, देठाची बाजू खाली करून, ओट्याच्या सावलीच्या कोपऱ्यात ठेवावेत. साधारण १२ अंशांखालच्या थंडीत टोमॅटोचा सुवास निर्माण करणारी प्रक्रिया मंदावते, म्हणून फ्रिजमधला टोमॅटो दिसायला ताजा असला तरी खाताना निर्जीव वाटतो. नागपूर, अकोला किंवा परभणीत मात्र मे महिन्यात स्वयंपाकघरातही इतका उकाडा असतो की पिकलेला टोमॅटो बाहेर दीड-दोन दिवसांत मऊ पडून गळू लागतो. तिथे पूर्ण पिकलेली फळे फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवण्याला पर्याय नाही. फक्त कोशिंबीर करण्यापूर्वी काही तास ती बाहेर काढून ठेवावीत, म्हणजे चव बऱ्याच अंशी परत येते. अर्धवट पिकलेले टोमॅटो पिकण्याआधी फ्रिजमध्ये मुळीच ठेवू नयेत.

चिरण्यासाठी सुरी किंवा विळी धारदार हवी. बोथट सुरी सालीवर घसरते, फळ दाबले जाते आणि फोड पडण्याआधीच आतला रस ओट्यावर सांडतो. टोमॅटो धुऊन, पुसून, देठाचा कडक भाग काढून घ्यावा, त्याच्या आधी चार आणि मग प्रत्येकीच्या तीन-चार अशा मोठ्या फोडी कराव्यात. फार बारीक चिरलेल्या टोमॅटोची कोशिंबीर रंगीत दिसत नाही. बिया आणि त्यांच्याभोवतीचा बुळबुळीत गर पुष्कळ ठिकाणी काढून टाकायला सांगतात, आणि तसे केल्यास पाणी कमी सुटते हे खरेच आहे, परंतु फळाचा आंबटपणा आणि ग्लुटामेटमुळे येणारी भरदार चव या गरातच सर्वाधिक असते. तो फेकणे मला पटत नाही. त्याऐवजी फोडी चाळणीत किंवा रोळीत घालाव्यात, खाली पातेले ठेवावे, वरून पाऊण लहान चमचा मीठ भुरभुरावे आणि हलक्या हाताने एकदा उलटसुलट करून दहा ते पंधरा मिनिटे तसेच राहू द्यावे. दोन-तीन मिनिटांतच कापलेल्या कडांवर दवासारखे थेंब दिसू लागतात, मग ते एकत्र येऊन फोडींवरून ओघळतात आणि पातेल्यात किंचित गढूळ, गुलाबी रस साचतो. मिठामुळे जे पाणी नाहीतरी पानात सुटणार होते, ते आपण आधीच काढून घेतो, आणि मीठ फोडींत मुरल्यामुळे त्यांची चवही एकसारखी होते. या रसातले दोन चमचे शेवटी कोशिंबिरीत परत घालायचे आहेत. उरलेला रस ताकात किंवा सारात घालावा, पण त्यात मीठ आहे हे लक्षात ठेवावे.

टोमॅटो निथळत असताना बाकीची तयारी उरकते. काकडी चिरण्यापूर्वी दोन्ही टोकांचा तुकडा चाखून पाहावा, कारण उन्हाच्या तडाख्यात आणि पाण्याच्या ओढीत वाढलेल्या वेलीची काकडी कडू निघण्याचा संभव असतो आणि एकच कडू काकडी सगळ्या कोशिंबिरीचा नाश करते. चांगली निघाली तर कोवळ्या काकडीची साल तशीच ठेवावी. हिरव्या रंगाची सोय त्याने आपोआप होते. खमंग काकडीसाठी जशी चोचवतो तशी ती इथे चोचवू नये, कारण चोचवलेल्या काकडीलाही भरपूर पाणी सुटते. सालीसकट लहान चौकोनी फोडी करून, बिया जून असतील तर काढून, ती कोरडीच बाजूला ठेवावी.

कांद्यासाठी उन्हाळ्यात अलिबागच्या पांढऱ्या कांद्याइतका योग्य दुसरा कांदा नाही. रायगड जिल्ह्यात हिवाळ्यानंतर निघणारा आणि वेणीसारख्या माळा गुंफून विकला जाणारा हा कांदा चवीला गोडसर आणि कमी तिखट असतो, आणि त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. तो न मिळाल्यास लाल कांदा पातळ उभा चिरून थंड पाण्यात पाच मिनिटे ठेवावा आणि नंतर फडक्यावर कोरडा करून घ्यावा, म्हणजे त्याचा उग्रपणा उतरतो.

कैरीबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. कोशिंबिरीत लिंबू पिळण्याची सवय आपल्याला इतकी आहे की चैत्र-वैशाखात, म्हणजे लिंबू सर्वांत महाग आणि कमी रसाचे असताना, आंब्याच्या झाडाखाली कैऱ्यांचा सडा पडलेला असूनही आपण लिंबूच शोधतो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हे असतेच. तीच कैरी टोमॅटोशीही उत्तम जमते. लिंबाच्या रसाने कोशिंबिरीतले पाणी आणखी वाढते, कैरीने ते वाढत नाही, उलट तिचे फिकट हिरवे तुकडे मधूनच कुरकुरीत लागतात. किसलेल्या कैरीचा आंबटपणा सगळीकडे पसरतो आणि टोमॅटोचा स्वतःचा आंबटपणा झाकला जातो, म्हणून कैरी किसू नये, मसुराच्या दाण्याएवढी बारीक चिरावी. फार आंबट कैरी असेल तर एकच चमचा पुरे.

बीट मात्र या कोशिंबिरीत घालू नये. रंगासाठी अनेकजण ते घालतात, पण त्याचा रंग पाच मिनिटांत कांद्यापासून खोबऱ्यापर्यंत सगळ्यांना लागतो आणि रंगीत कोशिंबीर एकरंगी होते. ज्यांना बीट आवडते त्यांनी त्याची वेगळी कोशिंबीर करावी.

दाण्याचे कूट ताजे करणे थोडे कष्टाचे असले तरी त्याने फरक पडतो. दाणे मंद आचेवर साल तडकेपर्यंत भाजावेत, पूर्ण गार झाल्यावर सोलावेत आणि खलबत्त्यात भरड कुटावेत. मिक्सरमध्ये करायचे झाल्यास क्षणभर फिरवून थांबावे आणि पुन्हा फिरवावे, कारण सलग फिरवल्यास दाण्यांना तेल सुटून गोळा होतो. बारीक कूट पाणी झटकन शोषते. भरड कूट तुकड्या-तुकड्याने दाताखाली येते आणि कोशिंबीर वाढेपर्यंत खमंग राहते.

सगळी तयारी झाल्यावर पसरट भांड्यात आधी निथळलेला टोमॅटो, त्यावर काकडी, कांदा, कैरी आणि पिवळी मिरची असे पसरून ठेवावे, पण अजून कालवू नये. कूट, ओले खोबरे आणि पाव चमचा साखर एका बाजूला, भांड्याच्या कडेला, ढीग करून ठेवावीत. लोखंडी पळीत तेल तापवून मोहरी घालावी. ती तडतडून शांत होत आली की जिरे, चिमूटभर हिंग, मिरचीचे तुकडे आणि शेवटी कढीपत्ता घालून गॅस बंद करावा. कढीपत्ता धुतल्यावर पुसलेला असला पाहिजे, नाहीतर तेल अंगावर उडते. मिरचीवर पांढरे फोड दिसले आणि कढीपत्त्याचा चरचर आवाज थांबला की ती फोडणी टोमॅटोवर न ओतता कुटाच्या ढिगावर ओतावी. गरम तेलाने कूट पुन्हा एकदा खमंग होते आणि त्यावर तेलाचा थर बसल्याने ते टोमॅटोचा रस सावकाश शोषते. शिवाय टोमॅटोच्या फोडी शिजट होत नाहीत. या तेलाचा आणि दाण्याचा आणखी एक उपयोग आहे: लायकोपीन स्निग्ध पदार्थांबरोबर खाल्ले तर शरीरात अधिक चांगले शोषले जाते, म्हणून वजनाच्या काळजीने फोडणी अजिबात वगळणे मला योग्य वाटत नाही.

पाने घेतल्यावर, म्हणजे वरण-भात किंवा पोळी वाढायच्या वेळी, बाजूला ठेवलेल्या रसातले दोन चमचे आणि चिरलेली कोथिंबीर घालून दोन मोठ्या चमच्यांनी खालून वर असे तीन-चार वेळा हलवावे आणि चव पाहावी. टोमॅटोला आधीच मीठ लावलेले असल्यामुळे वेगळे मीठ बहुधा लागत नाही. काकडीपुरते चिमूटभर लागले तरच घालावे.

दह्यातली कोशिंबीर हवी असेल तर हीच तयारी चालते, फक्त कैरी आणि बाजूला ठेवलेला रस दोन्ही वगळावेत. एक वाटी गोडसर दही फडक्यात बांधून अर्धा तास टांगावे, म्हणजे ते चक्क्याइतके घट्ट न होता श्रीखंडाच्या अलीकडच्या दाटपणाचे होते. या कोशिंबिरीला तेलाऐवजी तूप-जिऱ्याची फोडणी अधिक शोभते, आणि ती कोमट झाल्यावरच दह्यात घालावी. भाकरी किंवा थालीपिठाबरोबर ही दह्याची कोशिंबीर उत्तम. मसालेभाताबरोबर मात्र मी बिनदह्याचीच वाढेन. गोव्यात तळलेल्या मासळीबरोबर कांदा-टोमॅटोच्या चकत्यांवर माडाच्या सुरेचे व्हिनेगर घालतात. ते घरी असेल तर कैरीचा हंगाम संपल्यावर एक लहान चमचा घालून पाहण्यासारखे आहे.

डब्यात न्यायची असल्यास निथळलेल्या फोडी आणि भाज्या एका डब्यात, तर फोडणी घातलेले कूट दुसऱ्या लहान डब्यात न्यावे आणि जेवताना एकत्र करावे. उन्हाळ्यात चिरलेला टोमॅटो बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरातच खाऊन टाकावा किंवा फ्रिजमध्ये ठेवावा; प्रवासात किंवा थंडावा नसलेल्या कार्यालयात नेण्यासाठी म्हणूनच टोमॅटो अख्खे न्यावेत आणि तिथे चिरावेत. बिनदह्याची कोशिंबीर उरली तर ती जेवण आटोपताच फ्रिजमध्ये ठेवावी आणि त्याच संध्याकाळी भाजणीत किंवा ज्वारीच्या पिठात कालवून थालीपिठे लावावीत. सुटलेल्या रसात पीठ छान भिजते. पाणी वेगळे घालावे लागलेच तर चमच्या-चमच्याने घालावे, आणि कुटामुळे थालीपीठ तव्यावर लवकर करपते म्हणून आच मंद ठेवावी.