येसर घरात असलं की

आमच्याकडं लातूरला लग्नाच्या पंगतीत येसराची, म्हणजे धान्य-डाळ भाजून मसाल्यासोबत दळलेल्या पिठाची, आमटी लागतेच. मी मात्र बाजाराच्या आदल्या दिवशी, भाजीची टोपली रिकामी झाली की करते.

येसर आधी करून ठेवायचं. एक वाटी गहू, एक वाटी हरभऱ्याची डाळ, अर्धी वाटी बाजरी, वेगवेगळं आणि कोरडंच भाजा. डाळीला घाई नको, नाहीतर आमटीला कच्चट वास येतो. पाव वाटी धने, चमचाभर जिरे, थोडे मिरे, चार लवंगा, दालचिनी, दगडफूल थेंबभर तेलावर परता. गार झाल्यावर मिक्सरवर दळा, चाळा.

चौघांना तीन मोठे चमचे येसर पुरतं. पहिल्यांदा मी ते थेट उकळत्या पाण्यात टाकलं. वरून शिजलेल्या, आत कोरडं पीठ, अशा गाठीच गाठी! सासूबाई म्हणाल्या, "आमटी हाय का गोळ्याचं सांबारं?" म्हणून येसर गार पाण्यातच कालवा.

फोडणीत मोहरी, ठेचलेला लसूण, कढीपत्ता, मग भाजून वाटलेलं कांदा-खोबरं आणि काळं तिखट. तेल सुटलं की चार-पाच वाट्या पाणी, मीठ; उकळी फुटली की कालवलेलं येसर, सतत ढवळत. दहा मिनिटं उकळू द्या. पातळ वाटतेय तोवरच उतरवा, ताटात येईस्तोवर घट्ट होते.

उरलेल्या आमटीत मी परवा वरणफळांसारखी ज्वारीच्या पिठाची फळं सोडली. सगळी विरघळली. कणकेचीच टिकतात.