पोरं विचारतात "देव मोठा की देश?", ग्वाल्हेरात राहून उत्तर कसं द्यायचं

ऑगस्ट आला की आपल्याकडे हा प्रश्न येतोच. श्रावण चालू, जन्माष्टमी तोंडावर, मधेच १५ ऑगस्ट, पुढं गणपती, आणि एखादा चौथी-पाचवीतला वीर जेवता जेवता विचारतो की देव मोठा की देश, म्हणजे दोघांचं भांडण झालं तर मी कोणाच्या बाजूने. बहुतेक आईबाप "असलं काही विचारू नये" म्हणतात नाहीतर "देश पहिले" म्हणून मोकळे होतात, आणि आठवड्याभरात तेच पोरगं वर्गातल्या कुणाला तरी "तू हे म्हणत नाहीस म्हणजे तू देशभक्त नाहीस" असं सुनावून येतं. माझं म्हणणं, तोंडी उत्तर देऊच नका. एक सकाळ मोकळी काढा आणि पोरांना गाव दाखवा.

आधी तयारी. आठ वर्षांपुढची चार-सहा पोरं घ्या, पण सगळी आपलीच नकोत, गल्लीतली-बिल्डिंगमधली दुसऱ्या धर्माचीही हवीत, नाहीतर हा सगळा खटाटोप फुकट. त्यांच्या आईबापांना आधीच सांगा कुठे कुठे जाणार ते, कुणाला कुठे आत यायचं नसेल तर बाहेर थांबेल, जबरदस्ती नाही. प्रत्येकाकडे एक मोठा रुमाल (गुरुद्वारात डोकं झाकायला लागतं) आणि पाण्याची बाटली. १५ ऑगस्टलाच नका जाऊ हो, किल्ल्यावर त्या दिवशी निम्मं शहर असतं, त्याआधीचा एखादा रविवार बघा.

सुरुवात फूलबागेजवळ राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपासून करा. इथे फार बोलू नका, पोरांना शाळेतनं सगळं पाठ असतं. एवढंच सांगा की जून १८५८ मध्ये राणी, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे यांनी ग्वाल्हेर ताब्यात घेतलं आणि त्याच महिन्यात इथल्या लढाईत राणी पडली. तारीख कुठे १७ जून लिहिलेली असते कुठे १८, पोरांनी त्यावरून वाद घातला तर घालू द्या.

तिथून जवळच गंगादासांची बडी शाळा आहे, लक्ष्मीबाई कॉलनीत. शाळा म्हणजे साधूंचा मठ, रामानंदी परंपरेतला. खरी गोष्ट इथे आहे आणि आपल्यातल्या कितीतरी लष्करवाल्यांनी (लष्कर हा ग्वाल्हेरचाच भाग) जन्मभर इथे राहून हा मठ बघितलेला नाही. जखमी राणीला इथे आणलं, आपला देह इंग्रजांच्या हाती लागू नये एवढीच तिची इच्छा होती असं सांगतात, आणि महंत गंगादासांच्या साधूंनी इंग्रजांना अडवून धरलं, तेवढ्यात इकडे गवताची गंजी आणि कुटीची लाकडं रचून तिला अग्नी दिला. मठाच्या परंपरेप्रमाणे त्या दिवशी ७४५ साधू मारले गेले. त्यांची शस्त्रं मठाने अजून जपून ठेवली आहेत, बघायला मिळाली तर पोरं तिथून हलत नाहीत.

आता बसवा सगळ्यांना आणि विचारा, ह्या लोकांनी घरदार सोडलेलं, राज्य नको जहागीर नको, मग हे का लढले? पहिली उत्तरं ठरलेली, "इंग्रज वाईट होते म्हणून", "राणी होती म्हणून". थांबा, घाई करू नका, पुन्हा विचारा. कोणीतरी म्हणतंच की ती त्यांच्या दारात आली होती. हे आलं की पुढचं तुम्ही जोडा, की तेव्हा तिरंगा नव्हता, राष्ट्रगीत नव्हतं, आजच्यासारखा एक भारत देश नकाशावर नव्हता, त्यांच्याकडे होतं ते व्रत, दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही आणि दिलेला शब्द पाळायचा. देवासाठी लढले की देशासाठी, हे त्यांनाच विचारलं असतं तर प्रश्नच कळला नसता असं मला वाटतं.

आणि मग अवघड भाग, जो मराठी घरांत हळूच गाळतात. त्याच वेळी ग्वाल्हेरचे आपले महाराज, जयाजीराव शिंदे, इंग्रजांच्या बाजूने होते, बंडवाले आले तेव्हा ते आग्र्याला निघून गेले आणि त्यांची फौज मात्र मोठ्या संख्येने बंडवाल्यांना मिळाली. पूजा त्यांच्याकडेही होत होती, भाषाही तीच. आणि झाशीच्या किल्ल्यावर राणीच्या तोफा चालवणारा गुलाम गौस खान, तो तिथेच लढता लढता गेला. ही दोन नावं शेजारी ठेवा आणि गप्प बसा. धर्म बघून कोण कोणत्या बाजूला असेल हे ओळखता येत नाही हे दहा वर्षांच्या पोराला बरोबर समजतं, मोठ्यांनाच वेळ लागतो.

परत फूलबागेत आलात तर एक चक्कर मारा, गोपाळ मंदिर, मोती मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल लॉज (सगळ्या धर्मांचा अभ्यास करणाऱ्या थिऑसॉफिकल सोसायटीची जागा), सगळं एकाच बागेत, माधवराव शिंद्यांच्या काळातलं. मोजायला सांगा, बास. जन्माष्टमीला इथे राधाकृष्णाला शिंदेकालीन दागिने घालतात, बँकेतनं पोलीस बंदोबस्तात आणतात, ती गर्दी वेगळ्या दिवसासाठी ठेवा.

मग किल्ला. गाडी उरवाई गेटकडून जाते, वाटेत कातळातल्या जैन मूर्ती आपोआप दिसतात. वर दाता बंदी छोड गुरुद्वारा. जहांगीरने शिखांचे सहावे गुरू हरगोविंद यांना ह्याच किल्ल्यात कैद केलं होतं आणि सोडायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले एकटा जाणार नाही, मग त्यांच्या झग्याच्या गोंड्यांना धरून ५२ राजे बाहेर पडले अशी शीख परंपरा. इथे भाषण नको, लंगरमध्ये पंगतीला बसवा, शेजारी कोण बसलाय हे पोरं बघतात. जेवणाचा प्रश्नही सुटतो.

उतरल्यावर वेळ असेल तर जीवाजीगंज. मध्य भारत खादी संघाचं काम तिथे आहे, मानकाप्रमाणे खादीचा तिरंगा देशात मोजक्याच ठिकाणी बनतो त्यातलं हे एक. झेंडा समोर असताना रंगांचं सांगून टाका, कारण "भगवा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा" हे पोरं कुठूनतरी शिकून येतातच. सुरुवातीच्या काळात रंगांचा तसा अर्थ लावत होते हे खरं, पण १९३१ मध्ये काँग्रेसने ठराव करून रंगांना जातीधर्माचा अर्थ नाही असं स्पष्ट केलं, आणि २२ जुलै १९४७ ला घटना समितीने आजचा झेंडा स्वीकारला तेव्हा राधाकृष्णन यांनी भगवा म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे सत्याच्या वाटेवरचा प्रकाश, हिरवा म्हणजे मातीशी-झाडापानांशी नातं असं समजावलं होतं.

घरी आल्यावर एक प्रश्न हमखास येतो, "आमच्या वर्गातला अमुक राष्ट्रगीत म्हणत नाही". तेव्हा केरळची केस सांगा. १९८५ मध्ये तिथल्या तीन भावंडांना शाळेतून काढलं, ती यहोवा विटनेस ह्या ख्रिस्ती पंथाची, राष्ट्रगीताला नीट उभी राहायची पण श्रद्धेमुळे गायची नाहीत. १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, उभं राहून मान दिला तो पुरेसा आहे, श्रद्धेच्या विरुद्ध गायची सक्ती नाही. पोरांना हे ऐकून धक्का बसतो, बसू द्या. मुद्दाम बसून राहणं, टिंगल करणं वेगळं, हेही लगेच सांगा.

मोहल्ल्यात, मंडळात, मंदिरात देवाचा सण आणि १५ ऑगस्ट दोन्ही एकत्र करणार असाल तर थोडं सांभाळा. खरा तिरंगा मूर्तीला नेसवायचा नाही, टेबलावर अंथरायचा नाही. तीन रंगांचा शेला करा हवा तर, चक्र नको. तिरंग्यावर हळदकुंकू, नाव, "मंडळातर्फे शुभेच्छा" काही नको, काठीला हार नको, फडकवायच्या आधी आत फुलांच्या पाकळ्या ठेवल्या तर चालतं. मंदिराचा ध्वज शेजारी असेल तर तिरंगा वेगळ्या जागी लावा, दुसरा कुठलाही झेंडा त्याच्या बरोबरीने किंवा वर नको. पुजारीबुवा रागावतात कधीकधी, त्यांना आदल्या दिवशीच विचारा, ऐन वेळेला ऐकत नाहीत.

राहिलं शाळेचं भाषण. ते तुम्ही लिहून देऊ नका, बडी शाळेबद्दल पोराला जसं आठवतं तसं लिहू द्या, आणि बाईंनी "जरा देशभक्तीची वाक्यं घाला" म्हणून परत पाठवलं तर ७४५ चा आकडा पहिल्या ओळीत घेऊन तेच परत द्या, चालून जातं.