गावच्या भांडणावर नाटक लिहिताय? या चुका टाळा

गावच्या इतिहासावर नाटक लिहायला बसलं की पहिल्याच आठवड्यात खलनायक सापडतो. तिथेच घोळ होतो.

मुळशी सत्याग्रहाचंच घ्या. १९२१ साली सुरू झालेला हा लढा कागदावर अगदी सोपा दिसतो. इकडे टाटांचं धरण आणि सरकार, तिकडे सेनापती बापट आणि ‘जान किंवा जमीन’ म्हणणारे मावळातले शेतकरी. एवढंच लिहिलंत तर दहा मिनिटांत नाटक संपतं, पुढे नुसत्या घोषणा. खरी ठिणगी आत आहे. बऱ्याच जमिनींवर पुण्यातल्या सावकारांचा हक्क होता. त्यांना नुकसानभरपाई घेऊन मोकळं होणं परवडत होतं. कसणाऱ्या कुळाचं मात्र सगळंच पाण्याखाली जाणार होतं. या दोघांना एका ओसरीवर बसवा. कंपनीचा साहेब रंगमंचावर आलाच नाही तरी बिघडत नाही; विंगेतून मोजणीची साखळी खणखणली की पुरे.

दुसरी चूक माझीच. एका धरणग्रस्त गावात आम्ही पारावर मोबाइल रेकॉर्डिंगला लावला आणि विचारलं, “घर सोडताना काय वाटलं?” चार जणांनी चार भाषणं दिली, चारही सारखीच. मग चहा घेऊन आलेल्या आजींना सहज विचारलं, “जाताना काय उचललंत, आजी?” त्या म्हणाल्या, “जातं. वरला दगुडच. खालचा रोवल्याला, निघंना.” आमची एकांकिका त्या अर्ध्या जात्याभोवती उभी राहिली. काय वाटलं ते विचारू नका, वस्तू विचारा. आणि स्वयंपाकघरापर्यंत जा, पारावर फक्त पुढारी भेटतात.

अर्थात, ते वाक्य आजींना विचारूनच घेतलं. नुसतं नाव बदलून भागत नाही. ‘टाकीशेजारचं घर’ तसंच ठेवलंत तर गाव पहिल्या प्रवेशातच ओळखतं.

बोलीचं थोडक्यात सांगतो. ‘म्या’ आणि ‘व्हय’ पेरले की मावळी बोली होत नाही, सिनेमातला गावरान पाटील होतो. त्या भागातला एक तरी नट तालमीत हवा.

मधेच नाटक अडलं असेल तर सूत्रधाराचं बोलणं तपासा. तारखा आणि ठराव तोच सांगत असेल तर पात्रांना काम उरलेलं नसतं. आम्ही त्याला काढलाच. तीन पानं गेली, कुणाला उणीव भासली नाही.

पहिलं वाचन गावात करा, तेही भांडणाच्या दोन्ही बाजूंसमोर. आमच्या वाचनात एक म्हातारबाबा उठून म्हणाले, “समदं बराबर हाय, पन तुमचा सावकार लई गोड बोलतो.” दुसऱ्या कोपऱ्यातून लगेच आवाज आला, “तो गोडच बोलायचा!” पुढचा अर्धा तास आम्ही फक्त लिहून घेत होतो.

प्रयोगाआधी संहिता तपासून मंजुरी देणारं सरकारी मंडळ म्हणजे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ; त्यांच्याकडे संहिता पाठवायच्या आधी हे सगळं उरका. आम्ही आधी पाठवली, वाचन नंतर केलं, आणि सावकाराचे दोन्ही प्रवेश नव्याने टाइप करून पुन्हा पाठवत बसलो.