अवांतोत उतरण्याआधी

फिनलंडमधल्या पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसातलं कुणीतरी विचारणार, "अवांतोला येतेस का?" अवांतो म्हणजे गोठलेल्या तळ्याच्या बर्फात पाडलेलं भोक. त्यातून पाण्यात उतरायचं, काही सेकंदांत वर यायचं आणि गरम सौनात, म्हणजे तापवलेल्या लाकडी खोलीत, शिरायचं. लगेच नाही म्हणू नका. लिफ्टमध्ये मान वर न करणारी ही माणसं सौनाच्या बाकावर आपणहून बोलू लागतात. इथल्या माझ्या निम्म्या ओळखी तिथल्याच.

मात्र रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. नुसतं सौनात बसलात तरी कुणी नावं ठेवत नाही.

ताम्पेरेत असाल तर नॅसियार्वी तळ्याकाठचं राउहानिएमी गाठा, हेलसिंकीकडे असाल तर वान्तामधलं कुउसियार्वी. दोन्हीकडे स्त्री-पुरुष एकत्र बसतात असा सौना आहे, त्यामुळे तिथे पोहण्याचे कपडे लागतात. घरगुती सौनात मात्र बिनकपड्यांची रीत आहे. बोलावणं आलं तर आधीच विचारून घ्या, त्यात अवघडण्यासारखं काही नाही. सोबत टॉवेल, लोकरी टोपी आणि निओप्रीनचे (रबरासारख्या जाड कापडाचे) बूट घ्या. टोपी पाण्यातही डोक्यावरच ठेवायची. बूट नसतील तर जाड मोजे चालतील. ओले तळवे बर्फाळ पायऱ्यांवर फार झोंबतात.

आता पाण्याचं. ते असतं शून्याच्या आसपास. मी पहिल्यांदा 'हर हर गंगे' म्हणत भसकन उतरले आणि 'गंगे' घशातच राहिलं. थंडीच्या धक्क्याने छाती आपोआप हवा ओढते, मग मिनिटभर धाप लागते. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असलं तर पाणी थेट आत जातं. म्हणून उडी नाही, बुडी नाही. शिडीला धरून उतरा आणि उतरताना श्वास सावकाश सोडत राहा. पहिल्या दिवशी पाच-दहा सेकंद पुरेत. शेजारची आजी मिनिटभर निवांत तरंगत असेल, तिच्याशी बरोबरी नको. एकट्याने जायचं नाही, दारू पिऊन तर नाहीच. बिअर नंतर.

वर आलात की दोन मिनिटं तसंच थंडीत उभं राहून बघा. अंगाला मुंग्या येतात, कातडी लाल होते आणि उणे दहातही ऊब वाटते. पण दात वाजायला लागले तर शूर बनू नका, सरळ आत या. घरी आईला सांगायचंच असेल तर सौनाचं आधी सांगा.