नाव, संज्ञा, परिभाषा : कोणता शब्द कोठे वापरावा

नाव, संज्ञा, परिभाषा आणि व्याख्या हे शब्द लेखनात सर्रास एकमेकांच्या जागी येतात. नाव आणि संज्ञा यांतून निवड करताना, त्या शब्दाची व्याख्या मागता येते का, हे आधी पाहावे. ‘कृष्णा’ हे नदीचे नाव आहे. ती नदी कोणती हे दाखवता येते, पण कृष्णेची व्याख्या कोणी विचारत नाही. ‘कार्य’ या शब्दाचे तसे नाही. रोजच्या व्यवहारात तो काम किंवा समारंभ या अर्थाने चालतो, तर भौतिकशास्त्रात बल आणि बलाच्या दिशेने झालेले विस्थापन यांचा गुणाकार एवढाच त्याचा अर्थ उरतो, आणि म्हणूनच जड ओझे घेऊन तासभर जागच्या जागी उभ्या राहिलेल्या माणसाने कितीही घाम गाळला तरी शास्त्राच्या हिशेबी त्या ओझ्यावर झालेले कार्य शून्य ठरते. असा ठरवून दिलेल्या अर्थाचा शब्द म्हणजे संज्ञा, अर्थात पारिभाषिक शब्द. आणि तो अर्थ नेमका सांगणारे विधान म्हणजे व्याख्या.

एखाद्या शास्त्रातील अशा सर्व संज्ञांच्या समूहाला परिभाषा म्हणावे, एकट्या शब्दाला नव्हे. हिंदी मजकुरावरून मराठीत लिहिणाऱ्याने येथे विशेष सावध असावे, कारण हिंदीत ‘परिभाषा’ म्हणजे आपली व्याख्या, ‘व्याख्या’ म्हणजे आपले स्पष्टीकरण आणि ‘संज्ञा’ म्हणजे आपल्या व्याकरणातले नाम. शब्द ओळखीचे दिसल्यामुळे ही चूक मुद्रितशोधकाच्याही नजरेतून सुटते. रसायनशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत तर मूलद्रव्याच्या चिन्हालाच संज्ञा म्हणतात : सोडिअम हे नाव, ‘एनए’ ही संज्ञा. ‘संज्ञाहीन’मधली संज्ञा म्हणजे शुद्ध, तिचा येथे संबंध नाही.

नाव देण्याच्या क्रियेसाठीही एकच शब्द पुरत नाही. पहिल्यांदा नाव दिले तर नामकरण, असलेले बदलले तर नामांतर, आणि जुने राखून त्यात भर घातली तर नामविस्तार. हा भेद केवळ कोशातला नाही. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने 1978 मध्ये केला, त्यासाठीचा दीर्घ लढा नामांतराचा म्हणून ओळखला गेला; 14 जानेवारी 1994 रोजी मात्र ‘मराठवाडा’ हा शब्द कायम ठेवून नामविस्तार झाला. त्यामुळे त्या लढ्याविषयी लिहिताना ‘नामांतर आंदोलन’ आणि त्या दिवसाविषयी लिहिताना ‘नामविस्तार दिन’ असेच लिहावे.

पद सांगायचे असेल तर पदनाम लिहावे. पदवी विद्यापीठ देते आणि बिरुद लोक लावतात. राज्यसभेवर राष्ट्रपती ज्या 12 सदस्यांची नेमणूक करतात ते नामनिर्देशित सदस्य होत. त्यांना ‘नामांकित’ म्हटल्यास मराठी वाचक ‘प्रसिद्ध’ असा अर्थ घेईल. ते प्रसिद्ध असतीलही, पण त्या वाक्यात ते सांगायचे नसते.