अ‍ॅपला काय द्यायचं, ते आपण ठरवायचं

टॉर्चच्या अ‍ॅपला आपले कॉन्टॅक्ट कशाला हवेत? आईच्या फोनमध्ये हे पाहिलं आणि माझा संताप झाला. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी’ उघडा. एकेक अ‍ॅप तपासत बसू नका, परवानगीनुसार यादी बघा: मायक्रोफोन कोणाकोणाकडे आहे, कॅमेरा कोणाकडे. नको तिथे सरळ बंद करा. खरंच गरज पडली तर अ‍ॅप स्वतःच सांगेल.

सगळ्यात जपायचं ते लोकेशन. ‘नेहमी’ काढून ‘अ‍ॅप वापरताना’ ठेवा. हवामान सांगणाऱ्या अ‍ॅपला शहर कळलं तरी पुरतं, दारापर्यंतचा पत्ता कशाला? तिथे ‘अचूक लोकेशन’ बंद करा. आयफोनवर ही सोय २०२० पासून आहे, अँड्रॉइडवर २०२१ च्या १२व्या आवृत्तीपासून. नकाशा आणि टॅक्सीला मात्र अचूकच राहू द्या, नाहीतर गाडी मागच्या गल्लीत जाऊन उभी राहते.

आणि नुसतं अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे खातं मिटत नाही, वर्गणीही थांबत नाही. आधी वर्गणी रद्द करा, मग खातं डिलीट करा, अ‍ॅप शेवटी काढा. रद्द झाल्याचा ईमेल जपून ठेवा; पैसे पुन्हा कापले गेले, तर तोच पुरावा.