सॅक पाठीवर घेऊन केलेले निसर्गछायाचित्रण : नवख्यांसाठी काही अनुभव

अनेक दिवस रानावनांत पायी हिंडणाऱ्याला छायाचित्रणाची गोडी लागली की, कोणता कॅमेरा घ्यावा हा प्रश्न त्याला प्रथम पडतो. माझ्या मते मुक्काम कुठे करावा, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. उत्तम प्रकाश सूर्योदयाच्या आणि सूर्यास्ताच्या आगेमागे मिळतो, आणि त्या वेळी कड्यासमोर उभे राहायचे असेल तर हेडटॉर्चच्या उजेडात निर्धास्त चालत जाता येईल इतक्याच अंतरावर तंबू असावा लागतो. म्हणून नकाशावर पाण्याची जागा शोधतानाच, सूर्य कोणत्या खिंडीतून वर येईल आणि त्याचे ऊन आधी कोणत्या उतारावर पडेल, हेही मी पाहून ठेवतो.

सामानाच्या बाबतीत एक कॅमेरा, रुंद कोनाची एक झूम लेन्स आणि हलका ट्रायपॉड एवढ्यावर भागते. वजन कमी करताना ट्रायपॉडवरच आधी गदा येते, पण पहाटेच्या अंधुक उजेडात आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला प्रतिसाद देण्याची क्षमता) १०० आणि अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, एफ ११ ठेवले की शटर काही सेकंद उघडे राहते, आणि तेवढा वेळ कोणाचाही हात स्थिर राहत नाही. अ‍ॅपर्चर एफ २२ पर्यंत (आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान) लहान केल्यास जवळचे व दूरचे दोन्ही स्पष्ट येईल असे वाटते. प्रत्यक्षात विवर्तनामुळे, म्हणजे लहानशा छिद्रातून जाताना प्रकाश पसरत असल्यामुळे, सगळ्याच तपशिलांची धार कमी होते.

अ‍ॅन्सेल ॲडम्स हे अमेरिकन छायाचित्रकार १९२७ साली कॅलिफोर्नियाच्या योसेमिटीतील हाफ डोम या कड्यासमोर पोहोचले, तेव्हा त्यांच्याजवळ चित्र टिपण्याच्या काचेच्या दोनच प्लेटा उरल्या होत्या. पहिली त्यांनी पिवळ्या फिल्टरमधून टिपली. मग आकाश आपल्याला हवे तितके गडद उतरणार नाही हे ओळखून शेवटच्या प्लेटेसाठी लाल फिल्टर लावला; कृष्णधवल चित्रात तो निळे आकाश अधिक गडद करतो. आज मेमरी कार्डावर शेकडो चित्रे मावतात, तरी कागदावर आकाश कसे दिसावे हे शटर दाबण्यापूर्वी ठरवण्याची सवय नवख्याने मुद्दाम लावून घ्यावी.

थंडीत बॅटरी लवकर उतरते, त्यामुळे जादा बॅटऱ्या रात्री स्लीपिंग बॅगेत घ्याव्यात. गार पडलेला कॅमेरा मात्र उबेत आणण्यापूर्वी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करावा, नाहीतर लेन्सवर बाष्प साचते. सूर्य मावळताच सामान आवरण्याची घाई करू नये, कारण ढगांवर रंग पुष्कळदा त्यानंतरच चढतो. परतीची वाट तेवढी उजेडातच पाहून ठेवावी.